राजदूताच्या गणितातली चूक

बायको तिच्या आईच्या आजारपणामुळे पुण्याला गेली आणि त्या हिवाळ्यात वेलिंग्टनच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच उरलो. शुक्रवारी ऑफिस सुटलं की सोमवारपर्यंत कोणाशी बोलणं व्हायचं नाही. वरच्या मजल्यावर कोलंबियाचे राजदूत राहायचे. साठी उलटलेले, तेही एकटेच. एकदा लिफ्ट बंद पडली म्हणून आम्ही सोबत जिना चढलो. मी पुलांचा इंजिनिअर आहे हे कळताच ते मध्येच थांबले. म्हणाले, मीही पुलांचाच.

मग रविवारी दुपारी ते माझ्याकडे येऊ लागले. मी पोहे करायचो, कॉफी त्यांची. हळूहळू त्यांची हकिकत कळत गेली. डोंगराळ मुलखात त्यांनी बरेच पूल बांधले होते. तिथल्याच लोकांनी आग्रहाने त्यांना निवडणुकीला उभं केलं. आधी महापौर झाले, मग मंत्री. पुढे एका धरणावरून त्यांचं स्वतःच्याच पक्षाशी वाजलं, आणि पक्षाने राजदूत करून त्यांना जमेल तितकं लांब पाठवून दिलं. बायको वारली होती. मुलीचा फोन येई, पण तिची सवड आणि यांची सवड क्वचितच जुळे.

एका रविवारी त्यांनी टेबलावर मोठा कागद पसरला. त्यांच्या गावच्या नदीवर पायी जाण्यापुरता झुलता पूल हवा होता. मुलं दोराला धरून नदी ओलांडत, शाळेत जात. आराखडा त्यांनी स्वतः काढला होता.

"तपासून द्याल?" त्यांनी विचारलं.

पुलावर येणारा वाऱ्याचा भार त्यांनी हवा त्याच्या निम्माच धरला होता. एवढ्या मोठ्या माणसाला सांगायचं कसं, या विचारात माझा आठवडा गेला. शेवटी पेन्सिलीने खूण करून कागद पुढे ठेवला. त्यांनी खुणेवर बोट ठेवून आकडा पुन्हा मांडला.

"मंत्री झाल्यापासून मला कोणी चूक दाखवली नाही," ते म्हणाले. "मला वाटू लागलं होतं, मी चुकतच नाही."

पुढचे चार रविवार आम्ही सगळी गणितं पुन्हा केली. इतक्या आनंदात मी त्या वर्षी कधीच नव्हतो.

मग त्यांच्या देशात सरकार बदललं. आठवड्याभरात त्यांना परत बोलावलं. घाईत निरोपही जिन्यातच झाला.

वर्षभराने त्यांच्याकडून फोटो आला. पुलावर गणवेशातली मुलं. बायको अजून पुण्यातच होती. तिला पाठवला, तर दवाखान्यातून 'छान' एवढंच उत्तर आलं. ऑफिसात शेजारच्याला दाखवला. 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे इथल्या बोलीत 'मस्त', एवढं म्हणून तो जेवायला गेला. मी फोटो मोठा करून एकेक केबल बघत बसलो.