कांताबाईंची फाटलेली जाळी

मंडळी, हाताची माती धुऊन आत्ताच बसलेय. आजचं सांगितल्याशिवाय राहवत न्हाई.

मंठ्याजवळच्या आमच्या गावात आम्ही काही शेतकरी बायका गटानं शोभेची झाडं वाढवतो आणि नर्सरीवाल्याला एकत्र विकतो. परवाच्या वाऱ्यात कांताबाईंच्या शेडनेटची जाळी फाटली आणि उन्हानं त्यांची क्रोटनची सगळी रोपं करपली.

आज बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "माझं नाव काढून टाका. नर्सरीवाल्याला द्यायला माझ्याकडं काहीच न्हाई. तुमच्यावर ओझं कशाला?"

मंग आमच्या अध्यक्ष रुक्मिणकाकू म्हणाल्या, "आज तुमची जाळी फाटली, उद्या माझी फाटंल. मंग मला बी काढणार का?"

बैठक तिथंच थांबवली. दाभण-सुतळी घेऊन आम्ही सगळ्या त्यांच्या शेतात गेलो आणि जाळी शिवली. प्रत्येकीनं आपल्या चांगल्या झाडांच्या फांद्या कापून आणल्या आणि नवी रोपं करायला मातीच्या पिशव्यांत लावल्या.

कांताबाई आधी नुसत्या बघत राहिल्या. मंग पदर खोचून म्हणाल्या, "सरका बाजूला! पाणी मी घालते. रोपं माझी हायेत."

माल एकत्र विकायला गट सगळेच करतात. पण गटातलं कुणी अडचणीत आलं, की तुमच्याकडं काय करतात? खरं खरं सांगा.