दानियल मास्तरांची काचेची पेटी

‘लाईट गेली’ असं कुणी म्हटलं, की दानियल मास्तर हातातलं काम सोडून त्याच्याकडे वळत. समोर हेडमास्तर असले तरी गय नाही. “दिवा गेला म्हणा, साहेब. लाईट गेली ते तुम्ही बघितलंत का?” नगरला मिशनच्या शाळेत ते विज्ञान शिकवत आणि मी मराठी. व्याकरणाच्या मास्तराची भाषा सुधारणारा हा कोण लागून गेला, म्हणून पहिलं वर्षभर मी त्यांच्यावर डूख धरून होतो.

कारण कळलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. त्यांचा एकुलता एक मुलगा, योहान, विजेवर चालणाऱ्या पिठाच्या गिरणीत कामाला लागला होता. एकदा गिरणीतला दिवा विझला. लाईट गेली असं समजून योहाननं लोंबकळणारी तार हातानं बाजूला केली. दिवा नुसता उडाला होता. वीज जागच्या जागी होती.

“आणि दिवा विझला की तार मेली, भ्यायचं नाही, हे त्याला मीच सांगितलं होतं,” मास्तर मला म्हणाले. “पोराला नव्या कामाची धास्ती वाटत होती, म्हणून. मी, विज्ञानाचा मास्तर! मार्थेला हे अजून ठाऊक नाही.” मार्था म्हणजे त्यांची पत्नी.

बायकोला सांगायचा धीर होईना, तेव्हा त्यांनी दिवा विझला तरी तार जिवंत असते हे दाखवणारी एक पेटी करायला घेतली. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. छावणीच्या भंगारातून त्यांनी लष्करी मोटारीची कॉइल आणि बॅटरी मिळवली. पेटीत पितळेच्या दोन कांड्या, बाहेर लाकडी मूठ. मूठ फिरवली की कांड्या जवळ येत आणि त्यांच्यामधून निळी वीज तडतडत उडे. भोवती जाड काच. झाकण उचललं की बॅटरीची जोडणी आपोआप तुटे. तेवढ्यानंही त्यांचं समाधान नव्हतं. आत हात घालण्याआधी ते जमिनीत पुरलेल्या सळईची तार लांब दांड्यानं कांड्यांना टेकवत.

“अहो, बंद केलंय ना?” मी वैतागून विचारी.

“बंद केलंय असं मी म्हणतोय, गुरुजी. तारेला कुणी विचारलं?”

झाकण तर त्यांनी तीनदा नव्यानं केलं. ‘पेटी झाली की मार्थेला दाखवीन आणि तेव्हाच सांगीन,’ हे पालुपद. पेटी कधी पुरीच होऊ नये अशी त्यांची धडपड चाललीय, असं मी एकदा बोलून गेलो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गावातल्या गिरण्यांमध्ये निरोप धाडले, रविवारी पेटी बघायला या.

रविवारी प्रार्थना आटोपल्यावर शाळेच्या मोठ्या वर्गात माणसं जमली. मार्थाबाई पुढच्या बाकावर, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. पेटीवर एक छोटा दिवा जळत होता. मास्तरांनी तो फिरवून काढला.

“गेली लाईट,” गिरणीतला एक हमाल म्हणाला.

मास्तरांनी मूठ फिरवली. काचेआड वीज तडतडली आणि लोक दचकून मागे सरले.

“माझा योहान असाच फसला,” मास्तर म्हणाले. “दिवा विझला की तार मेली, असं त्याला त्याच्या बापानं सांगितलं होतं. मी सांगितलं होतं, मार्था.”

मार्थाबाई उठल्या, मास्तरांचा हात मुठीवरून सोडवला आणि म्हणाल्या, “चला घरी. सकाळपास्नं पोटात काय न्हाई तुमच्या.”

पुढच्या थंडीत मास्तर न्यूमोनियानं गेले. मला फार लागलं ते. मार्थाबाईंना भेटायला गेलो तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “बाई, तुम्ही त्यांना क्षमा केलीत, म्हणून शेवटी तरी त्यांना शांती मिळाली.”

“क्षमा कसली, गुरुजी? मला पयल्यापास्नं ठावं हुतं. कामावर निघताना पोरगं माज्याच म्होरं बोललं हुतं, बाबा म्हनत्यात भ्यायचं न्हाई.”

“मग मास्तरांना एका शब्दानं बोलला नाहीत?”

त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

“त्यांना वाटायचं, हिला ठावं न्हाई. हिला सांगायचं हाय म्हनून पेटी करायचे, पेटी करायची हाय म्हनून सकाळी उठायचे, दोन घास खायचे. मी आदीच बोलले आसते, तर पोरामागं त्याच वर्सी हेबी गेले आसते, गुरुजी.”