पायांचे पारणे

दवाने भिजलेल्या तुरीला एक ओलसर, हिरवट वास असतो. कार्तिकातल्या पहाटे अनसिंगच्या रस्त्याने धावू लागलो की तो आधी नाकाला आणि मग थेट छातीला भिडतो. दोन्ही बाजूंच्या पिवळ्या फुलोऱ्यावर उजेड हळूहळू उतरत असतो. हे सुख मी कित्येक वर्षे भोगतो आहे, अशी वाशीममधल्या माझ्या स्नेह्यांची समजूत आहे. सत्तरी उलटली तरी वानखडे जिद्दीने धावतात, असे ते कौतुकाने सांगतात. आता या वयात तरी खरे सांगायला हवे. ती जिद्द नव्हती. मी धावत होतो तो अपराधी वाटत होते म्हणून. आणि तुरीला असा वास असतो, हे मला यंदाच कळले!

माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबले. मी शिकलो आणि सरकारी कचेरीत पंख्याखाली बसलो. खुर्ची मऊ होती, पण तिच्यात टेकलो की वडिलांची उन्हात वाकलेली पाठ डोळ्यांपुढे येई. त्या पाठीचे उतराई होण्यासाठीच जणू मी धावू लागलो. मग त्या धावण्यात सुख कसे मानायचे? निघताना पोटात घास नको, वाटेत तहान लागली तरी पाणी नको, आणि विश्रांतीचा दिवस म्हणजे तर चोरीच! माझी पत्नी सुमन पहाटे गूळ-भाकरीचा तुकडा पुढे करी; मी तो न घेताच चपला सोडून बूट चढवी.

यंदा आषाढात पोटरीचा स्नायू दुखावला. डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. मला दुखण्यापेक्षा भीती वाटली ती थांबण्याची. या वयात बसलेला माणूस पुन्हा उठतो का? म्हणून कळ जराशी ओसरताच मी पहिल्याच दिवशी नेहमीचे सगळे अंतर धावून आलो. पोटरी पुन्हा धरली, आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांनी या वेळी शांतपणे सांगितले, की आणखी एकदा असे केलेत तर धावणे कायमचे विसरा.

त्याच दिवसांत शांतिलालजींचे पारणे आले. हे माझे पहाटेचे सोबती. कापडाचे दुकान मुलांवर सोपवून रोज त्याच रस्त्याने चालतात. जैनांच्या पर्युषणात त्यांनी केवळ उकळलेल्या पाण्यावर आठ दिवसांचा उपवास केला होता. तो सुटतो त्या सकाळी मी लंगडत, गरम जिलबीचा पुडा घेऊन हजर झालो. एवढ्या दिवसांचा भुकेला माणूस, गोडावर तुटूनच पडेल! घर पाहुण्यांनी भरलेले, बायकांचे गाणे चाललेले. वहिनींनी हसत माझा पुडा बाजूला सरकवला. शांतिलालजी मधोमध बसले होते आणि एकेक आप्त पुढे येऊन त्यांच्या तोंडात मुगाच्या पाण्याचा एकेक चमचा घालत होता. इतक्या उपवासावर एवढेसेच का, असे मी विचारले.

"वानखडे, उपास सोडाची घाई केली का पोट उलटते," ते म्हणाले. "त्याले हळूहळू याद करून द्या लागते, जेवण काय असते ते." मग माझ्या पायाकडे पाहून डोळे मिचकावले. "तुमची पोटरी बी उपाशीच होती. तुमी तिले एकदम पंगतीत बसवलं."

सगळे घर हसले. मीही हसलो, आणि जिलबी घरी परत आणली.

मग पायांचेही पारणे सुरू झाले. आधी गल्लीच्या टोकापर्यंत चालणे, काही दिवसांनी रस्त्यापर्यंत, आणि पुढे चालता चालता मध्येच चमचाभर धावणे! निघताना गूळ-भाकरी, परतल्यावर मीठ घातलेले ताक, जेवणात वरण आणि मुगाची उसळ. शरीर किती साधे मागते, आणि ते दिले की किती मोकळेपणाने परत करते! अवघड गेली ती दुपारची झोप. डोळा लागला की मी दचकून उठे. एकदा सुमन तांदूळ निवडता निवडता वर न पाहताच म्हणाली, "झोपा जी. कोणी हजेरी घेऊन नाही राह्यलं."

त्या दुपारी गाढ झोपलो. आणि जागा होता होता एक विसरलेले दृश्य उगवले. मी लहान आहे, आईबरोबर शेतावर गेलो आहे, आणि बाभळीच्या विरळ सावलीत वडील तोंडावर दुपट्टा घेऊन स्वस्थ निजले आहेत. आई मला ओठांवर बोट ठेवून गप्प करते आहे. तेही निजत होते तर! भाकरी खाऊन, पाय ताणून, निःशंक. मी मात्र आयुष्यभर त्यांची केवळ वाकलेली पाठच जपत आलो होतो.

आज पहाटे पाय विलक्षण हलके होते. श्वास लयीत, पोटरी निमूट, पुढचा रस्ता बोलावणारा. आणखी बरेच धावता आले असते. पुलापाशी मी थांबलो आणि कठड्याला टेकून शेतांवर पसरणारे ऊन पाहत राहिलो. मागून शांतिलालजी घाईने चालत आले.

"काहून थांबले? दुखलं का?"

"नाही जी," मी म्हणालो. "लय बरं वाटून राह्यलं, म्हणून थांबलो."