विहिरीत ओतलेलं तीर्थ

आमच्या वाकडच्या सोसायटीत शहाण्यांना तोटा नाही. लिफ्टमध्ये दर मजल्याला एक चढतो, आणि तळमजल्यापर्यंत आपल्याला पर्यावरण शिकवून सोडतो.

ही सोसायटी उभी आहे ती जमीन आमची. बाबांनी ती बिल्डरला दिली तेव्हा एकच हट्ट धरला, विहीर बुजवायची नाही. बिल्डरनं लगेच मान डोलावली, कारण त्याला माहितीपत्रकावर 'हेरिटेज वेल' छापायला मिळालं. विहिरीभोवती टाइल्स आल्या, रेलिंग आलं, रंगीत दिवे आले. आत मात्र बाबांचे मासे होते, रोहू आणि कटला, चांगले हातभर लांब. आई गेल्यापासून बाबा घरात कुणाशी फारसं बोलत नाहीत. सकाळी चहा घेऊन खाली जायचे, कठड्यावर काठी आपटायचे, मासे वर यायचे आणि मग यांच्या गप्पा सुरू. ते काय बोलायचे ते मी कधी विचारलं नाही. त्यांचा दिवस तिथून सुरू व्हायचा, एवढं मला पुरेसं होतं.

गणपती आले. सेक्रेटरी बाईंनी ग्रुपवर टाकलं, यंदा 'इको-फ्रेंडली विसर्जन'. म्हणजे काय, तर मूर्ती सगळ्यांनी प्लास्टरच्याच आणायच्या, कारण शाडूला तशी चकाकी येत नाही. मग पार्किंगमध्ये मोठमोठी पिंपं मांडायची, त्यात पाणी आणि अमोनियम बायकार्बोनेटची पावडर टाकायची आणि मूर्ती विरघळवायच्या. पावडर काही वाईट नाही. वाईट आहे ती अक्कल. दोन-तीन दिवसांत मूर्ती विरघळल्या. तळाला खडूसारखा चोथा, वर पाणी. पाकिटावर स्वच्छ मराठीत छापलं होतं की हे पाणी पातळ करून झाडांना घाला. म्हणजे ते खत होतं, राव! पण वाचतो कोण? आणि झाडं तरी कुठायत? आमची बाग म्हणजे प्लास्टिकची हिरवळ आणि चार कुंड्या.

मग प्रश्न पडला, एवढं पाणी टाकायचं कुठं? गटारात सोडलं तर पाप लागेल. देवाचं तीर्थ ते! तेव्हा चेअरमनसाहेबांच्या सुपीक डोक्यात आलं, आपली विहीर आहे की!

मी चाकणला फर्स्ट शिफ्टला होतो. बाबा एकटेच आडवे आले. "अवो, मासं हायेत त्यात. नका वतू."

"काका, हे एकदम नॅचरल आहे," सेक्रेटरी बाई म्हणाल्या. "माशांना टॉनिकच समजा."

टाळ्या वाजवत, 'मोरया'चा गजर करत पिंपं विहिरीत उपडी केली. मी संध्याकाळी आलो तोवर व्हिडिओला शंभर अंगठे पडले होते. डोक्यात तिडीक गेली माझ्या. तसाच चेअरमनकडे गेलो आणि म्हणालो, आत्ताच्या आत्ता पंप लावून विहीर उपसा. ते म्हणाले, "भाऊ, मीटिंगमध्ये विषय घेऊ." या लोकांना दरवाजाचा रंग ठरवायला तीन मीटिंगा लागतात.

थोड्याच दिवसांत पाणी हिरवं झालं. तर ही मंडळी खूश! कठड्याला टेकून फोटो काढायला लागली. पुढं ते पालकाच्या सूपासारखं दाट झालं, तेव्हाही कुणाला काही वाटलं नाही. शेवाळ खतावर माजतं, मग मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातली सगळी हवा खाऊन टाकतं. हे शाळेच्या पुस्तकात असतं. आणि पोरांच्या शाळांना हे लोक लाखालाखाची फी भरतात.

एका सकाळी कंपनीच्या बससाठी खाली उतरलो तर बाबा कठड्याशी वाकलेले. काठी बाजूला पडली होती. सगळे मासे न बोलावताच वर आले होते आणि तोंडं उघडून हवा मागत होते. आम्ही बादल्या सोडल्या, हाताला लागतील ते काढून टाकीच्या पाण्यात घातले. एकही जगला नाही. बाबा प्रत्येकाच्या अंगावरून हात फिरवून त्याला बाजूला ठेवत होते. बस गेली. जाऊ दे म्हटलं.

मीटिंग झाली. चेअरमन म्हणाले, मासे म्हातारे झाले असतील. एक जण म्हणाला, हवामान बदललंय. मी पावडरचं पाकीट टेबलावर ठेवलं, तर सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "इतकं निगेटिव्ह नका होऊ हो." लाज म्हणून काही असते, ती यांनी कुठं ठेवली होती कोण जाणे.

पुढच्या रविवारी सगळे विहिरीपाशी जमले. बाबांना मुद्दाम खाली बोलावलं. चेअरमनच्या हातात पाण्यानं फुगवलेली प्लास्टिकची पिशवी होती आणि तिच्यात मॉलमधून आणलेले छोटे नारिंगी मासे. "काका, तुमच्यासाठी! बघा, त्या काळ्या माशांपेक्षा किती क्यूट."

बाबांनी पिशवी हातात घेतली. बराच वेळ आतल्या माशांकडं बघितलं आणि ती परत चेअरमनच्या हातात दिली. "ह्यास्नी घरी न्या, सायेब. हितं मरत्याल."

सगळे कौतुकानं हसले. म्हातारं माणूस, भावुक झालंय. चेअरमननं कॅमेऱ्याकडं तोंड करून पिशवी उलटी केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मासे वर आले होते. नारिंगी असल्यानं आमच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून बाबांना एकूण एक दिसत होते.