उत्तरेकडची उशी

न्युरेम्बर्गमधल्या त्या घराला रस्त्याच्या अंगाला एकही खिडकी नव्हती. बाहेरून पाहिलं तर बॉम्बहल्ल्यातून कशीबशी वाचलेली एक काळवंडलेली भिंत, आणि तिच्यात वाकून जावं लागेल असं ठेंगणं दार. पत्ता देणारा माझा पुण्याचा मित्र म्हणाला होता, "पत्ता चुकलाय असं वाटेल, पण तू आत जा." मी आत गेलो आणि वाटलं, पत्ताच काय, देशच चुकला. मधोमध चौक, चौकात छोटं कारंजं, मोठ्या कुंडीत संत्र्याचं झाड, चारी बाजूंना घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी आणि कमानींमागे खोल्या. सगळ्या खोल्यांची तोंडं आतल्या बाजूला. वर आभाळाच्या जागी काचेचं छप्पर होतं आणि त्यावर बर्फ साचला होता.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांचा, सांगलीकडचा, विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यात उमेदवारी करायला आलेला. कारखान्याच्या वसतिगृहात जागा व्हायला अजून दोन आठवडे होते. तेवढ्यापुरतं छप्पर हवं होतं, आणि हे घर पाहुण्यांना खोल्या द्यायचं. आनमेल्डुंगचा, म्हणजे रहिवासाच्या नोंदणीचा, फॉर्म भरताना मालकीणबाईंनी माझ्या जन्मगावाचं नाव तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा वेगळंच लिहिलं. साठीच्या असतील. उंच, ताठ आणि बोलायला मोजक्या.

त्यांचा नवरा चित्रकार होता. तरुणपणी तो मोरोक्कोत काही वर्षं राहिला, तिथल्या एका चौकाच्या घरात, पाहुणा म्हणून. परत येऊन त्यानं हे घर तसं बांधलं, आणि युद्धात ते अर्धं पडलं तेव्हा पुन्हा तसंच उभं केलं. मोरोक्कोतल्या रंगीत टाइल्स त्या दिवसांत इथे कुठून मिळणार? मग तो पडक्या घरांच्या ढिगाऱ्यांत हिंडायचा. फुटक्या शेगड्यांच्या टाइल्स, बशांचे तुकडे, न्हाणीघरांच्या फरश्या पिशवीतून घरी आणायचा आणि एकेक तुकडा घासून भिंतीत बसवायचा. लांबून निळी-हिरवी नक्षी दिसे. जवळ जावं तर एका तुकड्यावर अर्धा गुलाब, दुसऱ्यावर कुणाच्या तरी कपाची सोनेरी कड. पहिल्या दिवशी मी कौतुकानं त्यावरून हात फिरवला. ही माणसं जेवत असताना वरून बॉम्ब पडले असतील, हे डोक्यात आलं आणि हात आपसूक मागे आला.

नक्षीच्या वर, पार छपरापर्यंत, त्याची चित्रं. सगळी दारांची. उघडी दारं, अर्धवट लोटलेली दारं, उन्हातली, सावलीतली, निळी, विटकरी. माणूस एकाही चित्रात नाही. चौकात बसलं की सारखं वाटे, आता यातल्या एका दारातून कोणीतरी बाहेर येणार. नवरा वारून दोन वर्षं झाली होती, तेव्हा येणारा तोच असावा असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या संध्याकाळी माझा तो समज गेला. इतर पाहुणे बाहेर जेवत, म्हणून चौकातल्या लांब टेबलाशी बाई आणि मी, अशी दोघंच होतो. बशा मात्र तीन मांडल्या होत्या. मी आपला जवळची खुर्ची ओढून बसलो.

"हेर इंजिनिअर," बाई म्हणाल्या, "ती माझ्या मुलाची जागा. तुम्ही इकडे बसा."

मी उठलो. "येताहेत का ते?"

"या," त्या म्हणाल्या. जर्मनमध्ये या म्हणजे हो. हो, येतोय. सूप वाढून झाल्यावर पुढचं सांगितलं. मुलगा एकोणिसाव्या वर्षी रशियाच्या आघाडीवर गेला होता आणि शेवटचं पत्र येऊन पंधरा हिवाळे झाले होते. "कागदावर फेरमिस्ट लिहिलंय. बेपत्ता. मेला असं लिहिलेलं नाही. दोन्हींत फरक आहे, हेर इंजिनिअर."

मी मान डोलावली आणि सूपमधले बटाटे मोजत बसलो. माझ्यासाठी त्यांनी त्यात मांस घातलं नव्हतं, त्याबद्दल आभार मानणंही मला सुचलं नाही. आपल्याकडे पितरांसाठी वेगळं पान वाढतात, तेच मनात येत होतं, आणि ते येऊ नये म्हणून मी धडपडत होतो.

बाकीच्या खोल्या भरलेल्या, म्हणून मला त्या मुलाचीच खोली दिली होती. "काही हलवू नका," बाईंनी बजावलं. "माझ्या नवऱ्याची तशी आज्ञा होती." खोली म्हणजे तीन भिंती आणि चौकाकडे उघडणारं काचेचं दार. खिडकी एकही नाही. ओकच्या लाकडाचा जडशीळ पलंग, कपाटात शाळकरी मुलाचे बूट, आणि भिंतीवर एकच चित्र. ते तेवढं दाराचं नव्हतं. त्यात हीच खोली होती आणि हाच पलंग. चादर ताणून बसवलेली, उशी नाही, उशाशी जमिनीवर एक पेटती मेणबत्ती. बाईंनी त्याचा अर्थ सांगितला होता. कैदेतल्या मुलांसाठी त्या वर्षांत लोक खिडकीत मेणबत्ती लावत, वाट दिसावी म्हणून. "या खोलीला खिडकीच नाही. म्हणून त्यानं ती खाली ठेवली."

त्या खोलीत मला झोप येईना. थंडी नव्हती, आवाज नव्हता, कारंज्याची बारीक टिपटिप तेवढी. पण पाठ टेकली की वाटे, आपण कुणाच्या तरी जागेवर पडलोय आणि तो दारात उभा राहून आपण उठायची वाट बघतोय. कारखान्यात डुलक्या काढू लागलो. फोरमननं दोनदा झापलं. शनिवारी दुपारी काचेच्या छपरातून जरासं ऊन आलं, चौकात सावली कुठे पडते ते मी पाहिलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझं डोकं उत्तरेला होतं! पाय थेट दक्षिणेला, यमाच्या दिशेला. आईनं लहानपणापासून याच एका गोष्टीसाठी मला झोपेतून उठवून फिरवून निजवलं होतं. मी स्वतःला विज्ञानवादी म्हणवायचो, देवळात जायचो नाही, आईशी वाद घालायचो. पण परदेशात तीन रात्री डोळा लागला नाही की विज्ञानवाद्यालाही आई आठवते.

नुसती उशी पायथ्याला नेऊन भागलं असतं. पण पायथ्याची फळी उंच होती, आणि मला अर्धवट काम आवडत नाही. रविवारी सकाळी बाई चर्चला गेल्या आणि मी पलंग फिरवायला घेतला. अर्धा तास लागला. शेवटचा धक्का दिला आणि पलंगाचे चारी पाय खट्कन खाली बसले. वाकून पाहतो तर लाकडी जमिनीत तिथे चार खळगे पडलेले. जुने, गुळगुळीत. पलंग पूर्वी वर्षानुवर्षं असाच असणार. माझ्या अंगावर काटा आला, पण स्वतःवर खूषही झालो.

मागे वळलो तर बाई दारात. डोक्यावर हॅट, हातात प्रार्थनेचं पुस्तक. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या हसत होत्या.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय?"

"तो असाच झोपायचा. म्हणजे डोळे उघडले की संत्र्याचं झाड दिसायचं." त्या आत येऊन पलंगावर बसल्या आणि चादरीवरून हात फिरवू लागल्या. "हा माझ्या नवऱ्यानं फिरवला. रशियातून शेवटचे कैदी सुटून आले ना, त्या वर्षी. मुलाच्या तुकडीतला एक माणूस भेटायला आला होता. मी बाजारात होते. येऊन पाहते तर तो माणूस गेलेला आणि माझा नवरा कारंज्यापाशी बसलेला. मी विचारलं, काय म्हणाला? तर म्हणे, त्याला काही ठाऊक नाही. त्याच संध्याकाळी यानं पलंग फिरवला. का, ते कधी सांगितलं नाही. मग हे चित्र काढलं आणि म्हणाला, या खोलीतलं आता काही हलवायचं नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि कुणी न सांगता तुम्ही तो जागच्या जागी आणलात. पण का फिरवलात?"

पाठ दुखते म्हणायचं होतं. गादीला खड्डा पडलाय म्हणायचं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. आपल्या रीतीची माहिती द्यायची संधी मिळाली की परदेशातला मराठी माणूस गप्प बसत नाही, त्यातला मी.

"आमच्याकडे उत्तरेला डोकं करून फक्त मेलेल्याला निजवतात," मी म्हणालो. "आणि उशाशी जमिनीवर दिवा लावतात." एवढ्यावर थांबावं की नाही? मी भिंतीवरच्या चित्राकडे बोटही केलं. "अगदी असा."

बाईंचा चादरीवरचा हात थांबला. त्या चित्राकडे बघत राहिल्या. मी काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं.

"त्याच्याकडे पुस्तकं होती," त्या म्हणाल्या. "मोरोक्कोची. तुमच्या देशाचीही. लोक कसे राहतात, कसे पुरतात, कसे जाळतात, सगळं वाचायचा."

"बाई, अहो, या खुळ्या समजुती आहेत. आमच्या आईच्या. तुमच्या यजमानांना कशाला माहीत असणार? उजेडासाठी फिरवला असेल, दुसरं काही..."

त्यांनी हात वर केला.

"आल्झो," त्या म्हणाल्या. म्हणजे, असं तर. तेवढंच. उठल्या, आरशात पाहून हॅटची पिन काढली आणि सूप एक वाजता तयार असेल म्हणून सांगून गेल्या.

त्या दुपारी टेबलावर दोन बशा होत्या.

उरलेले दिवस बशा दोनच राहिल्या. कारंजं बंद केलेलं होतं, त्यामुळे घरात आता टिपटिपही नव्हती. बाई माझ्याशी आधीपेक्षा जास्त मायेनं वागत, आणि ते मला सहन होत नसे. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पलंग दक्षिणेला डोकं करून होता, शास्त्राप्रमाणे होता, आणि तरी मी एकही रात्र झोपलो नाही. आधी कोणीतरी दारात उभं आहे असं वाटायचं. आता कोणीच नाही असं वाटायचं, आणि ते जास्त वाईट होतं. रशियाच्या बर्फानं जे पंधरा वर्षांत केलं नव्हतं ते मी दोन वाक्यांत केलं होतं. ते खरं होतं की खोटं, हेही मला ठाऊक नव्हतं. एका चित्रकारानं पलंग फिरवला, बस्स, एवढंच मला ठाऊक होतं. आई प्रत्येक पत्रात कधी येतोस म्हणून विचारायची आणि मी बघू म्हणून टाळायचो. त्या आठवड्यात मी तिला परतीचा महिना कळवून टाकला.

पुढे मी परत आलो, नोकरी लागली, लग्न झालं, मुली झाल्या. त्या घराबद्दल बायकोला सांगितलं ते कारंजं, कमानी आणि संत्र्याचं झाड एवढंच. साठच्या दशकाच्या मध्यावर कंपनीनं मला मशिनं तपासायला पुन्हा न्युरेम्बर्गला पाठवलं. कंपनीनं हॉटेल दिलं होतं. मी बॅग तिथे टाकली आणि जुनी शिक्षा भोगायला जावं तसा त्या ठेंगण्या दाराशी जाऊन उभा राहिलो. बाई असतील की नसतील, हे विचारायचंही धैर्य झालं नव्हतं.

दार त्यांनीच उघडलं. वाकल्या होत्या, पण मला लगेच ओळखलं. "हेर इंजिनिअर! जेवायला थांबाल ना?"

कारंजं चालू होतं. टेबलावर दोन बशा मांडलेल्या होत्या. माझी तिसरी त्यांनी आतून आणली.

सुटलो, असं वाटलं. आणि त्याच क्षणी भीतीही वाटली, की माझ्या त्या दोन वाक्यांनंतर ह्या कुठल्या वाटेनं पुन्हा इथे पोचल्या असतील. कुठली खुर्ची कुणाची ते मला पाठ होतं. मी माझ्या जागी बसलो. सूपमध्ये आजही मांस नव्हतं. त्यांनी मुलींची चौकशी केली, आईची केली. आई गेली म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"तुम्ही गेल्यावर मी पुष्कळ विचार केला," बशा गोळा करताना त्या म्हणाल्या. "आमच्या संसारात त्यानं माझ्यापासून कधी काही लपवलं नाही. एवढी मोठी गोष्ट तो लपवेल? पलंग त्यानं वाऱ्यासाठी फिरवला असणार. तिथे डोक्याला वारा लागतो. म्हणून मी तो पुन्हा त्यानं ठेवला होता तसा ठेवला." मग थांबल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर, वाऱ्यासाठीच. तुम्हाला काय वाटतं, हेर इंजिनिअर?"

इतक्या वर्षांनी तोच प्रश्न. ह्या वेळी मी जीभ उचलण्याआधी त्यांच्याकडे पाहिलं. बशा हातात धरून त्या उभ्या होत्या. मुलाची बशी सर्वांत वर, कोरडी, स्वच्छ.

"वाऱ्यासाठीच," मी म्हणालो. "त्या खोलीत राहिलोय ना मी. फार वारा लागायचा."

"बघा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. "आज इथेच झोपा. खोली तयार आहे."

मी नाही म्हणालो नाही. पलंग उत्तर-दक्षिण होता, चित्र समोर होतं, चित्रातली मेणबत्ती तशीच पेटलेली होती. मी उशी उत्तरेला नीट केली, दिवा मालवला आणि आयुष्यात पहिल्यांदा समजून उमजून दक्षिणेकडे पाय करून पडलो. तीन भिंती आणि एक बंद दार. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.