बिल्ल्याविना आत सोडलेला माणूस

भुशीच्या वरच्या वाडीतला कोंडू तळेगावच्या एका रंगाच्या कारखान्यात आतल्या फाटकावर राखणीला होता. बाहेरचं फाटक सगळ्या कामगारांना खुलं; पण आतल्या फाटकामागं स्पिरिटचं गोदाम, आणि तिथं जायची परवानगी फक्त अकरा जणांना. प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला कोंडूकडे द्यायचा, कोंडूनं नंबर पाहून तो फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा. बाहेर पडताना बिल्ला परत. फळीवर बिल्ला म्हणजे माणूस आत. कोंडूला अक्षरं येत नव्हती, पण आकडे पक्के होते. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांना त्यानं बिल्ल्यावाचून माघारी लावलं होतं.

अडुसष्ट सालच्या मार्चात सुदुंबऱ्याचा सोपान घामाघूम होऊन फाटकाशी आला. बिल्ला घरी दुसऱ्या सदऱ्यात राहिला होता.

"कोंडूभाऊ, आता कुटं सायकल माघारी हाणू? नऊ वर्सं रोज बघताय मला."

कोंडू घुटमळला. मग म्हणाला, "जा. पर लवकर भायेर ये."

तासाभरात आत पिंपानं पेट घेतला. माणसं धावत बाहेर आली आणि जो तो आपला बिल्ला ओढून पळाला. मुकादम बजरंगनं रिकाम्या फळीकडं पाहिलं आणि गोदामाचं लोखंडी दार ओढायला घेतलं. हवा कोंडली की आग विझणार होती.

"दार लावू नका! सोपान आत हाय!"

"फळी रिकामी हाय, कोंडू!"

"बिल्ल्याबिगर सोडला त्याला. म्या सोडला!"

बजरंगचा हात थांबला. ओली पोती पांघरून दोघंही आत शिरले. पिंपांमागं पडलेल्या सोपानला त्यांनी फरफटत बाहेर काढलं. तो जगला, पण धुरानं छाती कायमची गेली. दार उघडं राहिल्यानं अर्धं गोदाम जळालं.

चौकशी झाली. सोपान दवाखान्यातून येऊन म्हणाला, "कोंडूभाऊंची पाठ वळल्यावर मी गुपचूप घुसलो." साहेबांनी तसं लिहूनही घेतलं.

कोंडू उठून उभा राहिला. "खोटं हाय ते, सायेब. माझ्या म्होरून गेला त्यो. तोंड बघून सोडला म्या."

त्याची नोकरी गेली. वाडीवर बायकोनं, हिरीनं, एकदाच विचारलं, "त्यो तुमाला वाचवत व्हता. गप का न्हाई बसला?"

"त्या दिशी फळी खोटं बोलली, तर माणूस मरत व्हता," कोंडू म्हणाला. "पुन्यांदा खोटं लिवू द्यायला मन झालं न्हाई."

दिवाळीनंतर सोपान वाडीची चढण चढताना दिसला. दहा पावलं टाकायचा, थांबायचा. कोंडू नाचणीची झोडणी टाकून खाली उतरला आणि त्यानं सोपानला खांद्याचा आधार दिला.