नव्वद अंशांवर

जयसिंगराव मोहित्यांचे आजोबा पलटणीबरोबर बंगळूरला आले आणि इथलेच झाले. जयसिंगराव इंदिरानगरातल्या शेषगिरींच्या खाजगी प्रयोगशाळेत रसायनं तपासत. माणूस अबोल, हट्टी.

१९९५च्या उन्हाळ्यात एका गुंतवणूक कंपनीचं काम आलं. जुन्या तेलविहिरींत निम्म्याहून अधिक तेल खडकाला चिकटून राहतं. एक विशिष्ट पावडर विरघळवून दाट केलेलं पाणी खाली सोडलं, की ते उरलेलं तेल ढकलत पुढे नेतं. महादेवपुऱ्याकडे प्रदीपकुमार नावाचा कारखानदार अशी पावडर बनवत होता. तिच्यात पैसा घालावा की नाही, हे जयसिंगरावांच्या अहवालावर ठरणार होतं.

साध्या पाण्यात पावडर काकवीसारखी दाट झाली. पण खोल विहिरीत पाणी खारट आणि उष्णता भयंकर. जयसिंगरावांनी खाऱ्या पाण्यात पावडर कालवून बाटल्या मोहोरबंद केल्या आणि नव्वद अंशांच्या भट्टीत ठेवल्या. दर सोमवारी एक उघडत. दुसऱ्या आठवड्यात ताक, चौथ्या आठवड्यात निव्वळ पाणी आणि तळाला पांढरा साका.

कुणकुण लागताच प्रदीपकुमार आला. “अण्णा, स्वल्प सांभाळून घ्या. साध्या पाण्याचा आकडा लिहा.”

“विहिरीत साधं पाणी नसतं, साहेब.”

“कारखान्यात सत्तर माणसं आहेत. त्यांच्या चुली तुम्ही विझवणार?”

हे मात्र जयसिंगरावांना लागलं. त्यांनी नवं पोतं फोडून पुन्हा महिनाभर चाचणी घेतली. पुन्हा पाणीच.

दोन दिवसांनी भर दुपारी तिघे जण लोखंडी गज घेऊन आत शिरले. पहिल्या फटक्यात काचेची कपाटं कोसळली. दुसरा फटका जयसिंगरावांच्या बरगडीत बसला. ते गुडघ्यांवर आले, तसं एकाने केस धरून त्यांचं तोंड ओट्यावर आपटलं. दात तुटून जिभेवर आला.

“सही कुठल्या हाताने करतोस?”

दोघांनी उजवा हात ओट्यावर दाबून धरला आणि तिसऱ्याने गज हाणला. एकदा, दोनदा, तीनदा. हाडं मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. चाळीस वर्षांत कुणावर हात न उगारलेल्या त्या माणसाने डाव्या हाताने लोखंडी स्टँड उचलला आणि समोरच्याच्या तोंडावर सारी ताकद लावून मारला. तो माणूस डोळा धरून काचांत कोसळला. बाकीच्या दोघांनी मग लाथांनी जयसिंगरावांना तुडवलं. शेजारच्या गॅरेजमधली माणसं धावून आली, तेव्हा कुठे ते पळाले. काचांत पडलेला मात्र सापडला.

इस्पितळात शेषगिरी म्हणाले, “सोडा हो. मी साध्या पाण्याचा अहवाल पाठवतो.”

“माझ्या नावाने नाही,” जयसिंगराव सुजलेल्या ओठांतून म्हणाले.

बायको शिवलीला निपाणीची, तोंडाने फटकळ. “कुणाचं तेल, कुणाची विहीर, आणि हात माझ्या नवऱ्याचा!” ती कडाडली. खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “सरी, बरं. सांगा, लिहिते.” तिने अहवाल लिहिला, त्यांनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली.

गुंतवणूक कंपनीने हात आखडला. दसऱ्याआधी कारखाना बंद पडला आणि त्याच आठवड्यात कामगारांनी मोहित्यांच्या घरावर दगडफेक केली. एक दगड शिवलीलेच्या कपाळाला लागला. शेषगिरींनी जयसिंगरावांना परत घेतलं नाही. प्रदीपकुमारचं नाव खटल्यात आलंच नाही.

पकडला गेला तो नागराज. कारखान्यातला हमाल. त्याचा डावा डोळा गेला होता. कोर्टाच्या व्हरांड्यात पोलिसाने त्याला जयसिंगरावांशेजारीच बसवलं.

“खरंच पाणी व्हायचं?” नागराजने विचारलं.

“दोन्ही वेळा.”

“मालक म्हणाले, तुम्ही दुसऱ्या कंपनीकडून खाल्लं.”

जयसिंगरावांनी आपला वाकडा हात मांडीवर ठेवला. तीन बोटं आता मिटत नव्हती. “तुझा डोळा मी फोडला,” ते म्हणाले. “मारायचंच होतं तुला. खोटं बोलणार नाही.”

नागराजने मान हलवली. शिपायाने नाव पुकारलं, तसे दोघेही उठले. दाराशी गर्दी होती. एका डोळ्याने अंदाज न येऊन नागराज पायरीवर अडखळला, तेव्हा जयसिंगरावांनी डाव्या हाताने त्याचा दंड धरला आणि आत जाऊन त्याच्याविरुद्ध साक्ष दिली.